एक आडवी रेघ आणि सही

हे गेले त्यानंतरचे दोन महिने मी फक्त सह्या करत होते. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, गॅसचं कार्ड, घरपट्टी. ते सगळं मुलानं माझ्याबरोबर फिरून उरकलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एकच दिवस लक्षात राहिला. नोव्हेंबर उजाडला की हे इस्त्रीचा सदरा घालून बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचे. अठरा वर्षं मी बरोबर जाऊन बाहेरच्या बाकावर बसत होते. गेल्या नोव्हेंबरात त्याच टेबलापाशी मी उभी राहिले आणि मी हयात असल्याच्या कागदावर सही केली. बाहेर आले तर बाकावर कोणी नव्हतं. मुलगा गाडी लावायला गेला होता.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मुलानं सुचवलं, बाबांच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका काढू, साठ प्रती पुरेत. येणाऱ्यांच्या हातात देऊ. लिहायचं मी. कोयना वीज प्रकल्पाच्या अलोऱ्याच्या कॉलनीत मी बरीच वर्षं मुलांना मराठी शिकवलं, तेव्हा मलाही वाटलं, त्यात काय, आठ दिवसांत होईल. चार महिने लागले.

पहिला मसुदा एका संध्याकाळी झाला. जन्म १९४८, पाटण तालुका. शिक्षण सांगलीला, वालचंद कॉलेज, स्थापत्य. १९७१ साली पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. बदल्या, बढत्या, ३१ मे २००६ ला निवृत्त. वाचून पाहिलं तर सेवापुस्तकाची नक्कल. फाडला.

दुसरा मसुदा मोठा झाला. त्यात मी सगळं घातलं: कर्तव्यदक्ष, मितभाषी, कुटुंबवत्सल, हाताखालच्या माणसांना जपणारे. लेकीला नाशिकला पाठवला. तिचा रात्री फोन आला. म्हणाली, "आई, हे निवृत्तीच्या कार्यक्रमातलं मानपत्र झालंय. बाबा कुठे आहेत यात?"

मला राग आला. पण तिचं खरं होतं. एवढ्या पानांत यांचा आवाज कुठेही ऐकू येत नव्हता. मग मी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढायला लावली.

ट्रंकेत काय असणार ते मला ठाऊक होतं, म्हणूनच ती इतके दिवस उघडली नव्हती. खात्याचा एकही कागद घरात आणायचा नाही, हा यांचा नियम. मोजमापांची मेजरमेंट बुकं, उंचीच्या नोंदींची लेव्हल बुकं सगळी सरकारजमा. स्वतःच्या होत्या त्या खिशातल्या डायऱ्या, वर्षाला एक, पस्तीस. शिवाय कॉलेजातली सर्व्हेची एक वही, तिचे कोपरे उंदरांनी खाल्लेले. एक ओळंबा. आणि दगडाची एक लांबट कांडी.

ती कांडी माझी. म्हणजे स्वयंपाकघरातली. बोगद्याचं काम सुरू करायच्या आधी डोंगरात ड्रिल करून खडकाचे नमुने काढतात, त्याला हे कोअर म्हणत. लांब लाकडी पेट्यांत ओळीनं मांडून ठेवतात, कुठल्या खोलीवर काय लागलं ते त्यावरून कळतं. आपल्या सह्याद्रीत काळा पाषाण, मग मध्येच लाल मातीचा पट्टा, मग पुन्हा पाषाण, असे थर असतात. लाव्ह्याचा एक थर ओतला गेला, निवला, वरची माती झाली, त्यावर दुसरा थर आला. त्या लाल पट्ट्याला हे 'रेड बोल' म्हणायचे आणि त्याच्यावर यांचा विश्वास नसायचा. पाणी लागलं की तो भुसभुशीत होतो आणि बोगद्याचं छत सोडतो. तपासून झालेले, टाकून दिलेले तुकडे एकदा पडून होते, त्यातला एक काळ्या पाषाणाचा यांनी साहेबांना विचारून घरी आणला. मी त्याचा बत्ता केला. त्यानं मी वीस वर्षं आलं-लसूण ठेचलं. निवृत्तीनंतर कऱ्हाडला घर बांधलं, मिक्सर आला, आणि तो हरवला असं मी धरून चालले होते. यांनी तो धुऊन, कापडात गुंडाळून ठेवला होता. कधी ठेवला ते मला माहीत नाही.

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

यांचं आजोळ कोयनेच्या खोऱ्यात होतं. आज ते कोयना धरणाच्या जलाशयाखाली, शिवसागराच्या पाण्याखाली आहे. धरणात पाणी चढायला लागलं तेव्हा हे बारा-तेरा वर्षांचे. मामांचं सगळं गाव उठलं. खोऱ्यातली माणसं कोणी ठाण्याकडे, कोणी सांगली-सोलापूरकडे विखुरली, त्यात मामा ठाण्याकडे गेले. घाटावरचा शेतकरी, तिकडे त्याला जमीन मानवली नाही, माणसंही मानवली नाहीत. सासूबाई सांगायच्या की आजोबांनी निघताना उंबऱ्याचं लाकूड काढून बैलगाडीत घातलं होतं. ज्या धरणानं आजोळ नेलं त्याच धरणावर यांनी उमेदीची वर्षं घालवली, आणि त्याबद्दल यांना मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच: "तिथं काम नीट व्हायलाच पाहिजे. एवढ्यांनी घरं दिलीत." ट्रंकेत मामांची पत्रं सापडली. मामांना उरलेली जमीन मिळावी म्हणून हे बावीस वर्षं अर्ज लिहून देत होते, प्रत्येक अर्जाचा मजकूर डायरीत उतरवलेला. मामा गेले तेव्हाही ते काम अर्धवटच होतं.

दुसरी गोष्ट भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. हे तेव्हा सांगलीत वसतिगृहावर होते, तिथंही खाटा हलल्या. मिळेल त्या गाडीनं आणि पुढं पायी गावी पोचले. गोठ्याची भिंत दोन म्हशींवर पडली होती, शेजारच्या घरातली दोन माणसं गेली होती. कोयनानगर तर पडलंच होतं. त्या पहाटे पावणेदोनशेच्या वर माणसं मेली. धरण मात्र उभं राहिलं. १०३ मीटर उंच, आठशे मीटरहून लांब भिंत, तिला वरच्या भागात, जिथं मागचा उतार बदलतो तिथं, आडव्या भेगा गेल्या, पण ती उभी राहिली. ती का राहिली आणि भेगा नेमक्या तिथंच का पडल्या, हा यांच्या आयुष्याचा विषय झाला. १९७१ ला नोकरी लागली ती त्याच भिंतीला मागून काँक्रीटचा आधार देण्याच्या कामावर. त्या पहिल्या वर्षाच्या डायरीत एका पानावर फक्त एवढंच आहे: "आज भेग हातानं चाचपली."

आमचं लग्न १९७४ चं. मी कऱ्हाडची मुलगी, लग्न होऊन कुंभार्ली घाट उतरून अलोऱ्याला गेले. तिसऱ्या टप्प्याचं काम जोरात होतं. कोयना मुळात पूर्वेला वाहणारी नदी, कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडे जाते. पण धरणाचं पाणी पश्चिमेला डोंगरातून बोगद्यानं नेलं तर सह्याद्रीच्या कड्यावरून ते जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली पडतं, त्यावर पोफळीला डोंगराच्या पोटात यंत्रं फिरतात. ते खाली आलेलं पाणी कोळकेवाडीला पुन्हा अडवायचं आणि अलोऱ्याला त्यावर आणखी वीज काढायची, हा तिसरा टप्पा. शेवटी ते वाशिष्ठीत सोडतात, चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. हे सगळं मला नवरदेवानं लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पोळपाटावर पिठानं काढून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, पोळ्या होऊ देत आधी.

कॉलनीचं आयुष्य पाळ्यांच्या भोंग्यावर चालायचं. पावसात तीन-तीन महिने कपडे वाळायचे नाहीत, चुलीवर दोरी बांधून वाळवायचे. वर कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्याकडे खालीही कमी नाही. हे घरी आले की बुटांतून पाणी आणि सिमेंट. जेवताना झोप लागायची. तरी रात्री झोपण्याआधी डायरी लिहायचे, चार ओळी, पेनानं. पहिला आकडा पावसाचा.

तर मी ट्रंक उघडली आणि पहिली काढली ती १९७६ ची डायरी. त्या वर्षी ऑगस्टात थोरली झाली, माझ्या माहेरी कऱ्हाडला. हे अकराव्या दिवशी आले, बारशाच्या आदल्या संध्याकाळी. "कुंभार्ली घाट बंद होता," म्हणाले. मी मान्य केलं. घाटात दरडी कोसळतातच. आमच्या घरात ही गोष्ट पुढं कौतुकानं सांगितली जायची. लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला घाटाची आठवण निघायची, आणि माझ्या दुसऱ्या मसुद्यातही ते वाक्य होतं: कन्येच्या जन्माच्या वेळी घाट बंद असल्याने त्यांना पोहोचता आले नाही.

डायरीत लिहिलं होतं:

"पाऊस १३२ मिमी. काँक्रीट चालू, रात्रपाळी थांबवली नाही. तार आली. मुलगी. दोघी सुखरूप. घाट चालू आहे. गेलो नाही."

दुसऱ्या दिवशी: "पाऊस ९०. घाट चालू. गेलो नाही." तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मग दोन दिवस घाटाचा उल्लेख नाही. सातव्या दिवशी: "दरड. घाट बंद." दहाव्या दिवशी घाट सुटला आणि अकराव्या दिवशी हे आले.

मी डायरी मिटली आणि भाजी चिरायला बसले. दोन दिवस यांच्या फोटोला हार घातला नाही. जवळजवळ पन्नास वर्षं मी त्या घाटाला दोष देत होते. मला दुखलं ते न येण्यापेक्षा खोटं सांगण्यानं. हा माणूस आकडा कधी खोटा लिहीत नव्हता. यांचे एक वर्गमित्र सांगायचे: कॉलेजात सर्व्हेच्या कॅम्पला लेव्हल घेत, म्हणजे जमिनीची उंची मोजत, सगळे फिरायचे, एका ठरलेल्या खुणेपासून निघून फिरून त्याच खुणेवर यायचं. परत आल्यावर उंची तीच यायला हवी, फरक आला तर कुठंतरी वाचण्यात चूक. बहुतेक मुलं रात्री खोलीवर बसून आकडे जुळवायची. यांचा फरक काही मिलिमीटरांनी हद्दीबाहेर होता, तर सकाळी दोघांना उठवून सगळा फेरा पुन्हा चालले. असा माणूस बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून घाट बंद होता म्हणतो.

त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यांना मी फोन केला. त्या दिवसांत असं काय होतं, कोणी जखमी झालं होतं का, साहेबांनी अडवलं होतं का. माझ्या आवाजात बहुधा विनवणीच होती, काहीतरी कारण द्या अशी. ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "वहिनी, तेव्हा आम्ही कोणीच जात नव्हतो. काँक्रीट चालू असलं की आपण गेलो तर काहीतरी बिघडेल असं वाटायचं. बिघडलं नसतं."

लेक दिवाळीला आली तेव्हा मी तिच्यापुढं डायरी ठेवली. विषय तिचाच होता. तिनं अकरा दिवसांची पानं सावकाश वाचली. मग विचारलं, "पुस्तिकेत काय लिहिणार?"

"काहीच नाही. ते वाक्य काढून टाकते."

ती उठली आणि ट्रंकेतली सर्व्हेची वही घेऊन आली. लहानपणी या दोघा भावंडांना यांनी गच्चीवर पाण्याच्या नळीनं लेव्हल काढायला शिकवलं होतं. मोजमापं वहीत लिहायला लावायचे, आणि चूक झाली की मुलं खोडरबर शोधायची. यांनी घरात त्या कामाला खोडरबर येऊ दिला नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी सही. फील्ड बुकाचा तोच कायदा, मेजरमेंट बुकाचाही. "खोडलेला आकडाही पुरावा असतो," असं म्हणायचे. लेकीनं यांच्या वहीतलं एक पान उघडून दाखवलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं अक्षर, एका रकान्यात तीन खोडलेले आकडे, तिन्ही वाचता येणारे, तिन्हींशेजारी बारीक सही.

"त्यांनी मला खोटं सांगितलं," मी म्हटलं.

"तुला सांगितलं. वहीत नाही लिहिलं," ती म्हणाली. "आणि वही जाळली पण नाही गं आई. पन्नास वर्षं तुझ्याच माळ्यावर ठेवली."

याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी वाचावं म्हणून ठेवली की सवयीनं ठेवली? यांना विचारता येत नाही.

तिसरा मसुदा मी त्या रात्रीपासून लिहायला घेतला. तो लिहिताना रडायला फारसं आलं नाही, कारण एकेक वाक्य डायरीशी ताडून बघण्यात दिवस जायचा. खूप काही गळालं. "मितभाषी" गेलं, कारण कोअरच्या पेटीबद्दल हे दोन तास बोलू शकत. "कुटुंबवत्सल" गेलं, त्या जागी आलं की धाकट्याला कावीळ झाली तेव्हा हे सतरा रात्री जमिनीवर, त्याच्या खाटेला पाय लावून झोपले, तो उठला तर कळावं म्हणून. एका मुकादमावर भर पावसात सगळ्यांदेखत ओरडले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत माफी मागितली, हे डायरीत होतं, ते घातलं. मामांचे अर्ज घातले. आणि घाटाचं वाक्य मी होतं तसं ठेवून त्यावर रेघ मारली, वर लिहिलं: घाट चालू होता. आले नाहीत. शेजारी सही केली.

छापखान्यातल्या मुलानं फोन केला. "काकू, ती खोडलेली ओळ काढून टाकली हं." मी रिक्षा करून गेले आणि ती परत घालून घेतली, रेघेसकट. त्यानं माझी सही स्कॅन करून शेजारी बसवली. नणंदेला ते अजिबात आवडलं नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी पुस्तिका मिटून मांडीवर ठेवून म्हणाली, "गेलेल्या माणसाचं असं चारचौघांत..." मी तिच्याशी वाद घातला नाही. तिचा तो भाऊ.

अस्थींचंही त्यात लिहिलं आहे. प्रीतिसंगम आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कोयना-कृष्णेचा संगम, तिथं विसर्जन झालंच. पण मुलानं थोड्या राखून ठेवल्या होत्या. एरवी शब्द खर्च न करणारा मुलगा, गुरुजींना म्हणाला, बाबांनी अर्धी नदी तिकडं नेली, त्यांना तिकडंही सोडायला हवं. गुरुजी हो म्हणाले. आम्ही घाट उतरून चिपळूणला वाशिष्ठीवर गेलो.

पुस्तिकेतलं शेवटचं पान चौथ्या टप्प्याचं. १९९३ ला यांची बदली पुन्हा अलोऱ्याला झाली. जुन्याच ओळीतलं क्वार्टर मिळालं. चौथा टप्पा म्हणजे अडीचशे मेगावॉटची चार यंत्रं, डोंगराच्या पोटात. त्यासाठी शिवसागराच्या भरल्या तळ्याला खालून भोक पाडायचं होतं. तळं रिकामं करता येत नाही, त्यावर आधीची यंत्रं चाललेली. म्हणून बोगदा खालून खणत तळ्याच्या तळाशी न्यायचा, शेवटचा खडक तेवढा ठेवायचा, तुटलेला दगड पडायला त्याच्याखाली खड्डा करायचा आणि मग तो खडक सुरुंगानं उडवायचा. नॉर्वेत असं करतात, भारतात तोवर कोणी केलं नव्हतं. १३ मार्च १९९९ ला ते झालं. त्या दिवशीच्या डायरीत एकच शब्द आहे: "झालं." घरी येऊनही तेवढंच म्हणाले. म्हणून मी पुस्तिकेत लिहिलं की हे तळ्याच्या काठावर उभे होते आणि पाण्याला आलेली उसळी त्यांनी डोळे भरून पाहिली. २०१२ च्या एप्रिलात दुसरं लेक टॅपिंग, म्हणजे तळ्याला असंच दुसरं भोक पाडणं, झालं तेव्हा टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले होते, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्यावरून मी आधीचं रचलं.

श्राद्धानंतर पंधरा दिवसांनी पोफळीकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. बोगद्यात यांच्या हाताखाली फोरमन होते. मोतीबिंदूनं वाचता येत नाही, पुस्तिका नातवानं वाचून दाखवली होती. चहा घेतला, यांच्या फोटोला हात जोडले, आणि बराच वेळ काहीतरी गिळत बसले.

"बाई, एक बोलू का. साहेब तेव्हा काठावर नव्हते."

"मग कुठे होते?"

"पाहुणे वर काठाला. आम्ही पोरं उन्हात, प्यायच्या पाण्याचा टँकर वाटेत बंद पडलेला. साहेब जीप घेऊन पाणी आणायला गेले. ते वर यायच्या आत इकडं बार झाला. साहेबांनी काही बघितलं नाही. आल्यावर कॅन उतरवून घेतले आणि विचारलं, झालं का?"

नातू संकोचून त्यांचा हात दाबत होता. मी त्यांना आणखी थोडं बसायला सांगितलं, कपाटातून उरलेल्या बावीस प्रती काढल्या आणि काळं पेन घेतलं. शेवटच्या पानावर, "काठावर उभे होते" पासून "डोळे भरून पाहिली" पर्यंत आडवी रेघ. वर लिहिलं: पिण्याचे पाणी आणायला गेले होते. पहिल्या प्रतीवर सही केली, ती त्यांना दिली, आणि दुसरी उघडली.